उलटं पायडल

आमच्या आवक-जावकच्या बाईंसारखं पायांनी वाचणारं माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात दुसरं नसेल. शेजारचा चंद्रपूर जिल्हाही यात धरायला माझी हरकत नाही, कारण माझा जन्म तिथला आणि तिथली माणसं फार तर चष्म्याने वाचतात. चष्मा बाईंनाही होता. पण कागद डोळ्यांसमोर धरलेला असला तरी त्याचं वाचन व्हायचं ते खाली, टेबलाच्या पोटात, जिथे त्यांचे दोन पाय एका काळ्या सायकलचं पायडल फिरवत असत. पाय चालले की वाचन चाले, पाय थांबले की थांबे. साहेबांनी एखादं पत्र उभ्या-उभ्या त्यांच्या हातात देऊन 'काय म्हणतात वरचे?' असं विचारलं, तर बाई म्हणत, "थांबा साहेब, चढून सांगते." मग सीटवर चढून वीस-पंचवीस फेऱ्या मारल्यावरच वरचे काय म्हणतात ते साहेबांना कळे.

मी अहेरीतल्या एका सरकारी कार्यालयात रुजू झाले, त्या दिवशी ते टेबल पहिल्यांदा पाहिलं. चारही पायांखाली दोन-दोन अशा आठ विटा घालून ते उंच केलेलं होतं. मागे खुर्ची नव्हतीच. खुर्चीच्या जागी डाकेची जुनी लेडीज सायकल स्टँडवर उभी होती, मागचं चाक हवेत, पुढचं टेबलाखाली घुसवलेलं. हँडल काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं होतं आणि त्याला बाईंची पिशवी अडकवलेली. मागच्या चाकाला जुन्या ट्यूबचा एक पट्टा घासत राहील असा बांधला होता, म्हणजे पायडल मारायला थोडा जोर लागे आणि पाय थांबले की चाकही जागच्या जागी थांबे. ही सगळी कारागिरी बस स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याची. सीटवर बाई ताठ बसलेल्या, डाव्या हाताला आवक नोंदवही, उजव्या हाताला जावक, मध्ये शिक्के, आणि पाय असे चाललेले की जणू ऊन चढायच्या आत आलापल्ली गाठायची आहे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. असं काहीतरी परदेशी जाहिरातीत पाहिलेलं होतं, त्यामुळे मी फार समजूतदारपणे विचारलं, "बाई, वजन कमी करताय का?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजन कुठी हाये वं माह्याजवळ? वाचून राह्यली मी."

बाई मूळच्या गोंडपिपरीकडच्या, तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातल्या. कार्यालयात लागल्या त्या शिपाई म्हणून, आणि वीसेक वर्षं त्यांनी याच सायकलवरून गावोगाव डाक वाटली. शाळा दहावीपर्यंत झाली होती, पण सरकारी भाषा वाचायला त्या शिकल्या रस्त्यावर. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात परिपत्रक. गाव येईपर्यंत त्याचा अर्थ लावायचाच, कारण वेशीवरच लोक विचारत, 'काय आलं बाई?' आणि तिथे 'मले नाई माहीत' म्हणणं त्यांना फार कमीपणाचं वाटे. पुढे बढती मिळून त्या लिपिक झाल्या, त्यांना टेबल मिळालं, खुर्ची मिळाली आणि एक ओळ वाचता येईना. अक्षरं लागत, पण अर्थ लागत नसे. "बसून वाचलं का मले झोप येते," त्या सांगत, "नाई तं रडू येते." महिनाभर त्यांनी काढला. मग 'मला परत शिपाई करा' असा अर्ज लिहिला, तोही व्हरांड्यात येरझारा घालत. त्या वेळच्या साहेबांनी अर्ज वाचला, दोन दिवस विचार केला आणि डाकेची सायकल आत घ्यायची तोंडी परवानगी दिली. तोंडी दिली, कागदावर काही नव्हतं. या गोष्टीचं पुढे काम पडणार आहे.

सायकल वाचत असली तरी मुकी नव्हती. पायडल पुढे फिरलं की नुसती साखळीची बारीक सरसर. कागदात काही चुकलं असलं, सही राहिली, गट क्रमांक जुळत नसला, की बाईंचे पाय आपोआप उलटे फिरत आणि चाकातून कट-कट-कट आवाज येई. हे बाईंना स्वतःला ठाऊक नव्हतं असं त्या म्हणत. समोरच्या बाकावर बसलेल्या लोकांना मात्र ठाऊक होतं. चाळीस-पन्नास किलोमीटरवरून अर्ज घेऊन आलेली माणसं, कोणाच्या विहिरीचा, कोणाच्या जमिनीच्या दाव्याचा, श्वास रोखून त्या चाकाकडे कान लावून बसत. सरसर चालू राहिली की चेहरे मोकळे होत. कट-कट झालं की बाकावरून कोणीतरी हळूच म्हणे, "उलटं मारलं गा बाईनं. काईतरी राह्यलं." मग बाई सीटवरूनच त्या माणसाला काय राहिलं ते सांगत, गोंडीत किंवा आपल्या झाडी बोलीत, शिपाईभाऊंना सांगून तिथल्या तिथे त्याची सही किंवा अंगठा घेत, आणि मगच आवक क्रमांक टाकत. हे त्यांचं काम नव्हतं. नियमाप्रमाणे आवकने कागद घ्यायचा आणि क्रमांक टाकायचा, चूक महिन्याभराने दुसरं कोणी काढेल आणि टपालाने कळवेल. पण त्या टपालाची सायकल बाईंनीच चालवलेली होती. "तो बिचारा परत येईन ना वं," एवढंच त्या म्हणत.

फायलींचेही त्यांचे रस्त्यांवरून ठरलेले प्रकार होते. काही फायली चढाच्या, म्हणजे वेळ लागेल पण पोचतील. काही उताराच्या, ज्यांच्यावर फक्त लक्ष ठेवायचं, त्या आपोआप वरपर्यंत जातात. आणि काही वाळूतल्या. वाळूतल्या फायलीला कितीही पायडल मारलं तरी चाक जागच्या जागी फिरतं, तिथे खाली उतरून हाताने ढकलावं लागतं. तशी फाइल आली की बाई सीटवरून उतरत, ती छातीशी धरत आणि साहेबांच्या टेबलापर्यंत चालत नेऊन सही होईपर्यंत समोर उभ्या राहत.

आणि मी? मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून हेवा करत असे.

हेवा हा शब्द मी नंतर शोधला. आधी मला वाटे की मला उकडतं आहे. माझं टेबल बाईंच्या उजवीकडे, मागच्या चाकाच्या अगदी बाजूला. माझ्याकडे आस्थापनेची कामं, सामानाची नोंदवही, आणि वरून इंग्रजीत आलेलं पत्र. ते आलं की सगळं कार्यालय माझ्याकडे आदराने पाही, पण असं पत्र महिन्यातून एकदा येई. उरलेले दिवस मी मराठी आकड्यांशी झगडत असे. फोनवर कोणी 'एकोणऐंशी' म्हणालं की माझा पेन हवेत थांबायचा. मी कोणाला विचारत नसे, विचारायला मला मरण येतं. पण बाई समोरचा कागद वाचता-वाचता, मान न वळवता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत, "सात आन् नऊ." याचा मला फार राग येई. कोणी हसलं असतं तर मी सहन केलं असतं.

त्यांच्या पायांचा मला हेवा वाटे, कारण दुपारी चारपर्यंत माझे पाय सुजून चपलेत मावत नसत. त्यांच्या डब्याचा वाटे. त्या डबाभर भात आणि सुक्या मासोळीची चटणी खात, वर आणखी माझी उरलेली पोळी खात आणि वाळक्या शेंगेसारख्या राहत. दिवसभर सायकल चालवून झाल्यावर साडेसहाला त्या खाली उतरत, आणि बाहेर झाडाखाली लावलेल्या दुसऱ्या, हँडल असलेल्या सायकलवर बसून घरी जात, याचा तर मला काय वाटे ते मला सांगताही येणार नाही. एकदा मी त्यांना माझं पावलं मोजणारं घड्याळ दिलं. वरून प्रेमाने म्हटलं, 'बाई, बघू या ना दिवसभरात किती होतं.' संध्याकाळी घड्याळ पाहिलं. घड्याळ मनगटावर आणि मनगट टेबलावर, त्यामुळे त्याच्या मते बाई सकाळपासून दोनदा पाणी प्यायला उठल्या होत्या, एवढंच. मला आतून एवढा आनंद झाला की तो लपवायला मला रुमाल काढावा लागला. बाईंनी घड्याळ परत दिलं आणि म्हणाल्या, "बराबर तं दाखवते. जागेवरच हाये मी."

होळी झाली की त्या जुन्या फायलींचे पुठ्ठे कातरून मागच्या चाकाच्या आऱ्यांत तिरपे खोचत. मे महिन्यात अहेरीत दुपारी वीज जाई, छतावरचा पंखा दोन गिरक्या घेऊन गप्प होई, आणि बाईंचं चाक फिरायला लागलं की एक बऱ्यापैकी वारा सुटे. तो माझ्यापर्यंतही येई. मला वाटे, बाई स्वतःची सोय करून घेतात आणि सांडलेला वारा आपल्याला मिळतो. मी कधी आभार मानले नाहीत. उलट वीज गेल्यावर त्या वाचायच्या थांबल्या की मी मनात चिडत असे, की आता ही बाई एवढा विचार कशाला करते आहे.

एका दुपारी सगळे जेवायला बाहेर गेलेले असताना मी त्या सीटवर चढून बसले. मला फक्त पाहायचं होतं. हातात एक परिपत्रक घेतलं, पायडल मारलं. पहिल्या पाच फेऱ्यांत काही झालं नाही. सहाव्या फेरीला, खरं सांगते, वाक्याचं क्रियापद सापडलं. सातव्या फेरीला माझी ओढणी साखळीत गेली. मी पुढे पायडल मारून ती काढू पाहिली, तशी ती आणखी आत गेली आणि माझी मान खाली-खाली यायला लागली. लोक जेवून परतले तेव्हा कार्यालयाची इंग्रजीवाली मॅडम टेबलावर गाल टेकवून, डोळे मिटून बसलेली होती. शिपाईभाऊ म्हणाले, "झोपल्या का जी?" कोणीतरी कात्री आणायला पळालं. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी माझा घोटा धरला. "पुढं नोको मारू पोरी, पुढं मारलं का गुतत जाते. उलटं मार." मी उलटं मारलं. कट-कट-कट करत ओढणी एक-एक वीत बाहेर आली. "उलटं मारलं का सुटते," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, जणू मी ओढणी त्यासाठीच अडकवली होती. सगळे हसले. बाईही हसल्या. ओढणीवरचा तेलाचा डाग अजून गेलेला नाही.

तरीही मी जे केलं ते ओढणीमुळे केलं नाही. पुढच्याच आठवड्यात जंगलातल्या एका गावाहून एक आजोबा आले. हातात काळी छत्री, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला अर्ज. बाईंसमोर आठ-दहा जण बसलेले, मी रिकामी. चंद्रपूरहून येताना मी ठरवून आले होते की आपण लोकांशी बोलायचं. तीन वर्षांत ते जमलं नव्हतं. त्या दिवशी मी धीर केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आजोबा, द्या ना इकडे. मी बघते."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टेबलाकडे, मग टेबलाखाली. "राहू द्या बाई. मी थांबतो."

"अहो, मी रिकामीच आहे."

"तुमच्या टेबलाले आवाजच नाई," आजोबा म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले, भाव विचारून परत जाणाऱ्या माणसासारखं. "कागद बराबर हाये का चुकला, आमाले कसं समजन?" आणि ते बाकाच्या टोकाला जाऊन, छत्री दोन गुडघ्यांत धरून, चाकाकडे कान लावून बसले. तास-दीड तास बसले.

नेमके त्या दिवसांत नवे साहेब आले होते. त्यांना कार्यालय नीटनेटकं हवं होतं. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं, बंद पडलेला कूलर, जे-जे निरुपयोगी असेल त्याची यादी करा, वर पाठवा, मंजुरी आली की भंगारात काढू, असं त्यांनी सांगितलं. सामानाची नोंदवही माझ्याकडे. मी दोन दिवस यादी करत होते. दहा वस्तू झाल्या. साहेबांनी सायकलचं नावही काढलं नव्हतं. त्यांनी ती पाहिली होती, हसले होते आणि पुढे गेले होते. नोंदवहीत मात्र ती होती: डाकेसाठी, काळी, लेडीज. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी खरेदी झालेली, डाक वाटणं बंद झाल्यापासून वापर नाही. आत घ्यायची परवानगी तोंडीच होती. कागदावर पाहिलं तर त्या सायकलइतकं निरुपयोगी कार्यालयात दुसरं काही नव्हतं.

मी अकरावी ओळ लिहिली. ती सायकल गेली तर बाईंना एक ओळ वाचता येणार नाही, हे मला माहीत होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. ते दीड वर्ष त्या खुर्चीवर झोप आणि रडू आवरत काढतील, हेही माहीत होतं. मी ते न समजून लिहिलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

साहेबांनी सही केली. सही झाली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की या कार्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावकला जातो, आणि जावकला बाई बसतात. इतकं साधं मला सुचलं नव्हतं. शिपाईभाऊंनी ते पत्र नेऊन बाईंच्या पुढ्यात ठेवलं. मी समोर एक फाइल उघडून त्यात डोकं घातलं आणि कान चाकाकडे लावले, बाकावरच्या लोकांसारखे.

सरसर सुरू झाली. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली, कूलर गेला. मग चाक थांबलं. सरसरही नाही, कट-कटही नाही. त्या चाकाची एवढी शांतता मी तीन वर्षांत ऐकली नव्हती. बाकावरचे लोकही बोलायचे थांबले.

मग कट-कट-कट झालं.

"पोरी," बाई म्हणाल्या, "इथी ये बरं."

मी उठून गेले. मी मनात उत्तरं जुळवत होते, ती सगळी इंग्रजीत जुळत होती. बाईंनी कागद माझ्याकडे वळवला आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. "बाकी दहाले नग टाकले तू. चार नग, दोन नग. अकराले काऊन नाई टाकला?"

मी पाहिलं. सायकल लिहिली होती, पुढची जागा कोरी होती.

"असं पाठवलं तं वापस येईन," बाई म्हणाल्या. "मंग तुले डबल काम. लिव, एक नग."

मी लिहिलं. बाईंनी जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, पाकिटाला डिंक लावला. मी अजून तिथेच उभी होते. "बाई," मी म्हणाले, "ते अकरा नंबरचं..."

"डाकची सायकल. रजिस्टरले हाये ना? मंग लिवाच लागते." त्यांनी पुढचा कागद ओढला. पाय पुन्हा सुरू झाले. "मंजुरी यायले टाइम लागते लय. तवरक चालवू दे मले."

त्या दिवसानंतर मला हेवा करायला आणखी एक गोष्ट मिळाली, आणि ही घड्याळाने मोजून पाहण्यासारखीही नव्हती. रोज सकाळी डाक आली की मी हातातलं काम सोडून देई. पाकिटं बाईच फोडत. प्रत्येक पाकिटाला मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाही. त्या मंजुरीची वाट पाहत नव्हत्या, मी पाहत होते. एकदा धीर करून मी त्यांना माझ्या डब्यातलं गोड दिलं, तेव्हा त्यांनी ते खाल्लं आणि विचारलं, "काऊन वं, वाढदिवस हाये का?" त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधीच काढली नाही. कधी काढली असती तर मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगते. न काढता मागायला काय हरकत होती, ते मला सांगता येत नाही.

मंजुरी काही येईना. होळी झाली, पावसाळा आला, गेला, पुन्हा होळी झाली, बाईंनी पुन्हा पुठ्ठे खोचले, आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या निवृत्त झाल्या. आवक-जावकचा कार्यभार माझ्याकडे आला. मी तो मागितला नव्हता, नाकारलाही नाही. बाईंनी कार्यभाराची यादी स्वतः लिहून आणली: नोंदवह्या इतक्या, शिक्के इतके, आणि शेवटी, सायकल, एक नग. मी सही केली. खिळ्यावरून पिशवी काढून त्या बाहेर गेल्या, झाडाखालच्या सायकलवर बसल्या आणि कार्यालयाच्या पाटीखालून वळताना एकदा घंटी वाजवली. आतल्या सायकलला घंटी नाही, ती हँडलवर भिंतीला टांगलेली आहे.

पहिला आठवडा मी खुर्ची आणून त्या उंच टेबलाशी बसले. हनुवटी टेबलाला लागत होती. बाकावर लोक येत, मी क्रमांक टाकी, लोक कागदाकडे संशयाने पाहत-पाहत जात. आठव्या दिवशी मी ओढणी घरी ठेवली आणि सीटवर चढले.

वाचता आलं. मला कबूल करायला आवडत नाही, पण बाईंसारखंच मलाही तिथे अर्थ लागतो. एकोणऐंशीसुद्धा. उलटं पायडल मात्र माझं आपोआप पडत नसे, मुद्दाम मारावं लागे, आणि मुद्दाम आवाज करायची मला लाज वाटे. एखादी चूक दिसली की मी हळूच त्या माणसाला जवळ बोलावून कानात सांगत असे. लोकांना वाटे, काहीतरी वाईट बातमी आहे.

मे महिन्यात मंजुरी आली. बाकावर सहा-सात जण होते, टोकाला छत्रीवाले आजोबा, दुसऱ्या कुठल्या अर्जासाठी. मी पाकीट फोडलं, पायडल मारत वाचायला लागले. खुर्च्या मंजूर, कपाटं मंजूर, कूलर मंजूर. अकरा क्रमांकाला सायकल, मंजूर. सीटवर बसून मी त्या सीटला भंगारात काढायचा हुकूम वाचत होते. आणि त्या ओळीच्या शेवटी जागा कोरी होती. वरच्या कोण्या लिपिकाने बाकी दहांपुढे नग टाकले होते, अकराव्यापुढे विसरला होता.

बाई असत्या तर फोन करून नग विचारून घेतला असता, ओळ पुरी केली असती आणि सायकल भंगारवाल्याच्या गाडीपर्यंत स्वतः ढकलत नेली असती. मी बाई नाही. माझे पाय आपोआप मागे गेले. कट-कट-कट-कट, सगळ्या खोलीत ऐकू गेलं, आणि मला थांबावंसं वाटेना.

"उलटं मारलं गा," बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"कोणाचं राह्यलं?" आजोबांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले. त्या खोलीत मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "माझ्या कागदात त्रुटी आहे. परत पाठवते."

आजोबा उठले, छत्री टेकत आले आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला अर्ज माझ्या पुढ्यात ठेवला. मग परत जाऊन चाकाकडे कान लावून बसले.

त्रुटीचं पत्र साहेबांच्या सहीने गेलं. परत यायला, बाईंच्या हिशेबाने, टाइम लागेल लय. मी संध्याकाळी त्यांना फोन केला. त्या आता गावी असतात, तळ्याच्या काठाला. आधी त्यांनी मला एक-एक गावचं नाव घेऊन कोणाचा अर्ज आला, कोणाचा नाही ते विचारलं. मग मी विचारलं, "बाई, तिकडे सायकल चालवता की नाही?"

"कायले वं? इथी वाचाले काईच येत नाई." मग त्यांनीच विचारलं, "लाइट जाते का तिथी?"

"रोज जाते."

"आन् तुह्या बाजूच्या टेबलावर कोणी आलं का नवीन?"

"नाही अजून. रिकामंच आहे."

"मंग पुठ्ठे काढून ठेव," बाई म्हणाल्या. "फुकट जड जाते पायाले."

मला ते फोनवर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, मी जोरात पायडल मारलं, आणखी जोरात मारलं, चाक गरगर फिरलं आणि माझ्यापर्यंत वाऱ्याची एक झुळूकही आली नाही. मी वळून मागे पाहिलं. उजवीकडे, माझ्या जुन्या टेबलावर, कोणी नसलेल्या खुर्चीसमोर, पेपरवेटखालचे कागद फडफडत होते.

पुठ्ठे मी काढलेले नाहीत.